मेंढी न कापण्याचे वचन

आमच्या देशात उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारा रस्ता एकच आहे आणि तो सर्वांना ठाऊक आहे, हे आमचे जुने दुर्दैव. सप्टेंबरात मेंढ्या डोंगरावरून उतरतात, खरबुजांचे ट्रक दक्षिणेकडून चढतात, लग्नांची वऱ्हाडे दोन्ही दिशांनी धावतात. आणि एखादा मोठा साहेब निघाला की हे सगळे जागच्या जागी गोठवले जाते. मी रस्तेबांधणीचा पदवीधर आहे. या रस्त्याच्या वळणांविषयी, कठड्यांविषयी आणि बोगद्यातल्या धुराविषयी मी आजवर अकरा अर्ज केले. एकाचेही उत्तर आलेले नाही. तेव्हा मी जे सांगणार आहे ते कोणी तक्रार म्हणून वाचले तरी माझी हरकत नाही. मात्र ही तक्रार नेमकी कोणाविरुद्ध आहे, हे मला स्वतःला फार उशिरा कळले.

माझी थोरली बहीण सालकिन हिचे यजमान कालमुर्झा. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला जेझदे म्हणतात आणि त्याची थट्टा करण्याचा मेहुण्याला जन्मसिद्ध अधिकार असतो. जेझदे बिश्केकच्या बसस्थानकात सव्वीस वर्षे वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या खिडकीमागे बसून त्यांनी लाखो माणसांना वेळेवर रवाना केले आणि स्वतः मात्र कुठेही गेले नाहीत. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी जर्मन गाडी घेतली, निळ्या पुठ्ठ्याची एक वही आणली, आणि दर वर्षी सप्टेंबरात आम्हा दोघा भावंडांना आमच्या आईकडे, ओझगोनला, घेऊन जाऊ लागले. साडेसहाशे किलोमीटर जायचे, आठ दिवस राहायचे आणि नव्या तांदळाची पोती घेऊन परतायचे, असा हा प्रवास.

त्या वहीविषयी सांगायला हवे. तिच्यात प्रत्येक पानावर एक वर्ष होते. निघण्याची वेळ, बोगद्याची वेळ, आला-बेल खिंडीची वेळ, आणि शेवटी उशिराचे कारण. कारणे चारच असत : मेंढ्या, खरबुजे, वऱ्हाड, साहेब. शुक्रवारी निघायचे नाही, कारण त्या दिवशी निम्मे शहर आंबवलेले घोडीचे दूध प्यायला डोंगरात जाते. शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात निघायचे नाही. पहिल्या बर्फाच्या दुसऱ्या दिवशी तर नाहीच, कारण आदल्या दिवशी अडकलेले सगळे त्या दिवशी सुटतात. हवामानखात्यापेक्षा मी या वहीवर अधिक विश्वास ठेवत असे.

"जेझदे, तुम्ही वाहतूकमंत्री व्हायला हवं होतं," मी एकदा म्हणालो.

"झालो असतो तर पहिला हुकूम काढला असता," ते म्हणाले, "की पदवीधरांना मागच्या सीटवर बोलायला बंदी."

मला ते नेहमी पदवीधर म्हणत. माझे नाव एशेनकुल आहे, हे त्यांना बहुधा फक्त ईदेला आठवत असावे.

आता आयिमकानविषयी. ती जेझदेंची चार वर्षांनी थोरली बहीण. हिवाळ्यात ती खिंडीपलीकडच्या गावात राहत असे. पण मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत तिचा मुक्काम अलीकडच्या सुसामिरच्या कुरणात, अगदी आमच्या रस्त्याच्या कडेला. दाबलेल्या लोकरीच्या पांढऱ्या नमद्याचा गोल तंबू, म्हणजे युर्ट, दोरीला बांधलेल्या घोड्या, गावाच्या आणि स्वतःच्या मिळून साडेचारशे मेंढ्या, आणि एक पिवळा कुत्रा. शनिवारी-रविवारी बिश्केकच्या गाड्यांची तिच्या दारात रांग लागे, कारण तिच्या हातचे किमिझ, म्हणजे तेच आंबवलेले घोडीचे दूध, त्या संपूर्ण खोऱ्यात नावाजलेले होते.

पहिल्या वर्षी आम्ही तिथे थांबलो होतो. त्याशिवाय गत्यंतर नव्हते. आमच्याकडे नातलगाच्या दारावरून न उतरता जाणे हा अपमान. उतरल्यावर नानचा तुकडा न मोडता निघणे हा त्याहून मोठा अपमान. आणि सख्खा भाऊ आल्यावर मेंढी न कापणे हा तर बहिणीने स्वतःचाच केलेला अपमान. सकाळी नऊला उतरलो. मेंढी निवडली, जेझदेंनी दोन्ही तळहात वर करून दुवा दिली, ती कापली, शिजत घातली. मी बायकोकडचा, म्हणजे व्याही. त्यामुळे दुपारी दोन वाजता परंपरेप्रमाणे मानाचे म्हणून मेंढीचे मस्तक माझ्यापुढे आले. तेवढ्यात खिंडीवर ढग जमू लागले होते. संध्याकाळी बर्फ पडले, खिंड बंद झाली, आणि आम्ही तीन दिवस उशिरा ओझगोनला पोचलो. आई दारातच उभी होती.

"जावईबापू," ती म्हणाली, "ती मेंढी नुसती कापली, की आधी लहानाची मोठी केली?"

जेझदे हसले नाहीत. पुढच्या वर्षीच्या पानावर त्यांनी एक नवी वेळ घातली : सुसामिर, सव्वासहा. त्या वेळी बाहेर जेमतेम दिसू लागते आणि युर्टातली चूल अजून पेटलेली नसते. जिने पाहिले नाही तिचा अपमान होत नाही, असा तो हिशेब होता. मला तो पटला, इतकेच नव्हे तर आवडला. ज्या समाजात पाहुणचार महापुरासारखा येतो आणि माणसाचा दिवस वाहून नेतो, तिथे शहाण्या माणसाने पहाटेच पूल ओलांडावा, असे मी जाहीरपणे म्हणत असे.

सालकिन मात्र दर वर्षी तिथे आली की पुटपुटे, "थांबू या ना हो. निदान नानचा तुकडा मोडून निघू."

"नान म्हणजे चहा," जेझदे समोर बघत म्हणत. "चहा म्हणजे मेंढी."

मग ते रेडिओ बंद करीत. पिवळा कुत्रा तेवढा भुंकत आमच्या बरोबर एका मोठ्या पांढऱ्या दगडापर्यंत धावे आणि तिथे थांबे. ही गोष्ट दहा वर्षे चालली. मधल्या काळात जेझदेंचा जुना ओळखीचा एक बसचालक मला भेटला. तो म्हणाला, "आयिमकान एजे तर सगळ्यांना सांगत असतात, की माझ्या भावाची गाडी जुनी आहे, उन्हात तापते बिचारी, म्हणून तो पहाटे जातो." म्हणजे तिला ठाऊक होते. एजे म्हणजे थोरली बहीण. थोरल्या बहिणींना बहुतेक गोष्टी ठाऊक असतात. मी हे जेझदेंना सांगितले नाही. सांगितले असते तर वेळापत्रक बिघडले असते.

गेल्या जूनमध्ये आयिमकानचा फोन आला. सालकिनच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघे चहा पीत होतो. डोंगरात फोन लागतो तो एका टेकडीवरूनच. त्यामुळे तिकडून वारा आणि घोड्याचे फुरफुरणे आधी ऐकू आले.

"लवकर बोलते," ती ओरडली, "हा घोडा थांबत नाहीये! ऐक. यंदा माझं शेवटचं वर्ष. गुडघे गेले. घोड्या विकून टाकल्यात, सप्टेंबरात न्यायला येतील. युर्ट अठरा तारखेला उतरवणार आहे, पुन्हा काही लावणार नाही. सतराला ये. माझ्या दारात बसून एक वाडगा पी आणि जा."

"येतो, एजे," जेझदे म्हणाले.

"आणि घाबरू नकोस हं. मेंढी नाही कापणार. वचन देते."

फोन बंद झाला. जेझदेंनी चहाची वाटी न पिताच खाली ठेवली. परक्या वाचकाला यात काय झाले ते कदाचित कळणार नाही. आमच्याकडे कोणी बहीण भावाला असे वचन देत नाही. दहा वर्षांत तिने उच्चारलेले ते पहिले दूषण होते, आणि तेही तिने भेट म्हणून दिले होते.

त्या संध्याकाळी त्यांनी वही उघडली. आजवर तिच्यात घाटांची आणि बोगद्यांची नावे होती, माणसाचे एकही नव्हते. त्यांनी लिहिले : "१७ सप्टेंबर. आयिमकान. एक दिवस, एक रात्र. मेंढी कापायला लावणे."

"उशिराची तरतूद केवढी ठेवलीत?" मी विचारले.

"या वेळी उशीर नाही चालणार," ते म्हणाले. "या वेळी वेळेत पोचायचंय, पदवीधर. नेहमी वेळेत निघून जात होतो. दोन्हीत फरक आहे."

सतरा तारखेला पहाटे चारला निघालो. वहीप्रमाणे आठ वाजता आम्ही तिच्या दारात असायला हवे होते. पण आदल्या रात्री हवामानखात्याने बर्फाचा इशारा दिला होता, आणि ज्या देशात एकच रस्ता असतो त्या देशात असा इशारा म्हणजे सर्वांना एकाच वेळी घराबाहेर काढण्याची दवंडी. बोगद्यात एक ट्रक बंद पडला. आम्ही तोंडाशी साडेतीन तास उभे होतो. पुढच्या गाडीतला माणूस सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. त्याच्या सालांचा रस्त्यावर ढीग झाला. मी बोगद्यातल्या हवेविषयीच्या माझ्या सातव्या अर्जातला मजकूर तोंडपाठ म्हणून दाखवला.

"एशेन," सालकिन म्हणाली, "आज तरी गप्प बस रे."

 जेझदे दर पाच मिनिटांनी आयिमकानला फोन लावत होते. ती टेकडीवर नव्हती.

साडेअकराला आम्ही तिच्या जागी पोचलो. तिथे युर्ट नव्हता. गवतावर एक फिकट पिवळे वर्तुळ उरले होते, चार महिन्यांचे ऊन न लागलेले, आणि मधोमध विझवून मातीने नीट झाकलेली चूल. आजूबाजूचे सगळे युर्टही गेले होते. बर्फाच्या इशाऱ्याने तिने एक दिवस आधीच मुक्काम हलवला होता. जेझदे वर्तुळाच्या कडेला जाऊन उभे राहिले. जिथे दार होते तिथून ते आत गेले, चुलीजवळ वाकले आणि मातीवर तळहात टेकला. मी घड्याळ पाहिले नाही, असे आज म्हणता आले असते तर बरे झाले असते.

"कोमट आहे," ते म्हणाले. मग उभे राहून ते पुटपुटू लागले, खिडकीमागे बसून पुटपुटत तसेच. "दिसायला लागल्यावर निघाली असेल, म्हणजे साडेसहा. मेंढी तासाला अडीच किलोमीटर. चढ लागला की दोन. बर्फाच्या आधी खिंड ओलांडायची, म्हणजे मध्ये थांबणार नाही. आत्ता तिसऱ्या वळणावर असेल. चला!"

खिंडीचा चढ लागला आणि समोर रांग दिसली. ट्रक, पांढऱ्या अवजड गाड्या, फुग्यांनी सजवलेली वऱ्हाडाची गाडी, सगळे भोंगे वाजवत उभे. आणि वर, पार वर, करड्या रंगाचा एक गालिचा रस्ताभर पसरून मुंगीच्या पावलांनी सरकत होता. अकरा वर्षांत मी पहिल्यांदाच जेझदेंना रांगेच्या शेवटी हसत गाडी उभी करताना पाहिले.

"मेंढ्या," ते म्हणाले. "सालकिन, ते माक्सिम काढ."

मुक्काम हलवून जाणारा कबिला वाटेत भेटला, तर जो जागेवर असेल त्याने पुढे होऊन त्याला पेय द्यायचे, हा आमचा रिवाज. वास्तविक युर्टातल्याने द्यायचे असते, गाडीतल्याने नव्हे. सालकिनने आईसाठी जवाचे आंबवलेले माक्सिम किटलीभर केले होते. जेझदेंनी वाडगा घेतला, माझ्या हातात किटली दिली आणि चालू लागले. अडुसष्टाव्या वर्षी, तीन हजार मीटर उंचीवर, दीड किलोमीटर चढ. त्यांचे ओठ निळसर पडले होते. माझेही पडले असावेत, पण माझ्याकडे कोण पाहणार.

एका पांढऱ्या गाडीची काच खाली झाली. "ओ आजोबा, पुढे कोण अडवून बसलंय? मंत्री आहे का?"

"बहीण आहे," जेझदे न थांबता म्हणाले.

आयिमकान कळपाच्या शेपटाला तपकिरी घोड्यावर बसली होती. डोक्याला पांढरा रुमाल, अंगात मुलाचा जुना लष्करी कोट. तिचा मुलगा पार पुढे होता; युर्ट आणि सामान घेऊन ट्रक पहाटेच खिंडीपलीकडे गेला होता. पिवळ्या कुत्र्याने आम्हाला आधी ओळखले. जेझदे घोड्याच्या तोंडापुढे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हातांनी वाडगा वर धरला.

तिने लगाम ओढला. "हे काय! पहाटेचा भाऊ भरदुपारी कुठून उगवला?"

"तू एक दिवस आधी का निघालीस?"

"बर्फाला विचार. तुझ्यासारखी त्याच्याकडेही वही असेल." तिने वाडगा घेतला, बसल्या जागी प्याली, ओठ पुसले. "सालकिनच्या हातचं आहे. तू केलं असतंस तर घड्याळाच्या तेलाचा वास आला असता."

"उतर ना, एजे. जरा बस."

"कुठे बसू? दार मागे राहिलं." ती हे अगदी साधेपणाने म्हणाली. मग तिने चाबकाने खाली रांगेकडे दाखवले. "आणि हे लोक बघ. सकाळी एकानं गाडी घुसवली, दोन मेंढ्या दरीत गेल्या. बर्फाच्या आधी नाही ओलांडलं तर बाकीच्याही जातील. गावाची जनावरं आहेत, माझी एकटीची नाहीत. तू जा पुढे. तुझी सासू वाट बघत असेल."

जेझदेंनी खाली पाहिले, वर पाहिले. मग डोक्यावरची नमद्याची टोपी काढून त्यांनी हातात घेतली आणि मला पुन्हा एकदा त्यांची ती काचेची खिडकी दिसली.

"पदवीधर! त्या खालच्या वळणावर जा. मी टोपी हलवली की वीस गाड्या सोडायच्या. एकवीस नाही. टोपी खाली केली की आडवं उभं राहायचं. एजे, मेंढ्या डोंगराच्या अंगाला घे, रुंद जागा येईल तिथे मी गाड्या काढतो."

चार तास मी त्या रस्त्यावर आडवा उभा राहिलो. ज्या वळणाची रुंदी अपुरी आहे असे मी तिसऱ्या अर्जात लिहिले होते त्याच वळणावर एका ट्रकवाल्याने माझ्या वाडवडिलांचा उद्धार केला, आणि वऱ्हाडातल्या एका बाईने मला तळलेल्या कणकेच्या बोरसोकचे चार तुकडे दिले. वीस गाड्या, मग मेंढ्या. वीस गाड्या, मग मेंढ्या. एकही भोंगा वाया गेला नाही आणि एकही मेंढी दरीत गेली नाही. सगळी रांग निघून गेली तरी आमची गाडी कळपाच्या मागेच राहिली, इशाऱ्याचे दिवे लुकलुकवत, सालकिन चालवत असलेली. साडेचारला शेवटची मेंढी खिंडीपार झाली आणि बर्फाचे पहिले कण काचेवर वाजले.

पलीकडच्या घळीत, जिथे त्यांचा ट्रक थांबला होता, तिथे आम्ही राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी जेझदे बहिणीपुढे उभे राहिले.

"मेंढी काप."

"वचन दिलंय मी."

"मोड."

"बायकोसमोर मला खोटं पाडतोस?" ती म्हणाली, पण तोवर तिचा मुलगा सुरी घासू लागला होता.

दुपारी, ताडपत्रीखाली, माझ्यापुढे पुन्हा मस्तक आले. आयिमकानने ताट नीट माझ्याकडे वळवले. "घ्या, व्याही. आज बर्फ नाही, ढग नाहीत. सावकाश खा. त्या वर्षी तुम्ही मस्तक हातात धरून घड्याळ पाहिलं होतंत."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच मला पुढचे ऐकणे भाग पडले.

"मला फार लागलं होतं ते. मी याला म्हटलं, तुझ्या सासरच्यांचा माझ्यापायी खोळंबा झाला. तर हा म्हणाला, एजे, तुझ्या दारात पुन्हा कुणी घड्याळ बघणार नाही, एवढं मी बघतो." ती भावाकडे वळली. "बघितलंस हो चांगलं. दारातच कुणाला येऊ दिलं नाहीस."

जेझदे हाडाचा सांधा सोडवण्यात गर्क होते. दहा वर्षे मी त्यांना माझ्याच पंथाचा माणूस समजत होतो : पाहुणचाराला कंटाळलेला, वेळेची किंमत जाणणारा. प्रत्यक्षात ते माझ्या नजरेपासून बहिणीला वाचवत होते, आणि त्यासाठी त्यांना येत होती ती एकच विद्या त्यांनी वापरली होती. त्यांनी मला कधी एका शब्दाने ऐकवले नाही. ऐकवले असते तर मी बहुधा त्याविरुद्धही अर्ज केला असता.

रिवाजाप्रमाणे मी मस्तकाचा कान कापून आयिमकानच्या मुलाला दिला. मग उरलेले खाल्ले, सावकाश. ट्रकवर शेवटचे किमिझ उरले होते. ते जेझदेंनी उभ्याने प्यायले, कारण ज्या दारात बसून प्यायचे ते आता गुंडाळून दोरखंडांनी बांधलेले होते. युर्ट गावातल्या कोठारात जाणार होता. तिच्या चेहऱ्यावर काय होते ते मी पाहिले नाही. ती घोड्याचा पट्टा आवळत होती.

निघताना जेझदेंनी वही उघडली. वेळा घातल्या, आणि शेवटच्या रकान्याशी थांबून पेन्सिल माझ्याकडे केली.

"कारण तू लिही, पदवीधर. तुला लेखी द्यायची सवय आहे."

मेंढ्या, खरबुजे, वऱ्हाड, साहेब. मागची दहा पाने मी उलटून पाहिली. सव्वासहा, सव्वासहा, सव्वासहा, आणि पुढे कारणाचा रकाना कोरा. तिथे उशीर झालाच नव्हता, म्हणून कोणी काही लिहिले नव्हते. मी त्या दहाही पानांवरच्या कोऱ्या रकान्यांत माझे नाव लिहिले, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, अर्जाखाली लिहितात तसे.

जेझदेंनी वाचले. वही मिटली, खिशात घातली आणि गाडीकडे जाता जाता बहिणीला हाक मारली, "एजे, तांदूळ घेऊन परत येताना गावात तुझ्याकडे उतरतो. दिवसाढवळ्या."

"ये," ती म्हणाली. "पण किती वाजता, ते सांगू नकोस."